'न्हाई'ची तालीम

धुळाजीला 'न्हाई' म्हणता येत नव्हतं. तो मुका नव्हता की तोतरा नव्हता. गप्पांना बसला तर समोरच्याचा चहा गार होईस्तोवर बोलायचा. पण मोहनराव समोर आले की त्याच्या तोंडातून एकच गोष्ट बाहेर पडायची, "व्हय मालक." बापानं मोहनरावांच्या बापाकडं सालं काढली होती, आज्यानं आज्याकडं, आणि धुळाजीनं स्वतः ऐन उमेदीची वर्षं मोहनरावांच्या बैलांमागं घातली होती. आता तो कुणाचा सालगडी राहिला नव्हता. खडकाळ का होईना स्वतःचं रान होतं, लाली नावाची गाय होती, दूध संस्थेचा तो सभासद होता. पण ही खबर त्याच्या जिभेपर्यंत काही पोचली नव्हती.

त्या साली पावसानं सलग तिसऱ्यांदा तोंड फिरवलं. नेकनूरहून लिंबागणेशकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उघड्या माळावर, दूध संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. मोहनराव संस्थेचे चेअरमन. सरकारी मंजुरी यायची तेव्हा येईल, तोवर कारखान्याकडून ऊस आणून त्यांनी जनावरं जगवली. खोटं कशाला बोला, काम चांगलं होतं. आसपासची माणसं आपापल्या जनावरांसंगं तिथंच राहायला आली. बाजा, चुली, हंडे, सगळा संसारच दावणीला लागला. मधोमध सिमेंटचा हौद होता. टँकर आला की त्यात गुडघाभर पाणी पडायचं, आणि कुणाच्या बादलीतून ओंजळभर जरी सांडलं तरी अख्खी छावणी त्याच्या अंगावर धावून जायची.

एके सकाळी मोहनराव धुळाजीच्या दावणीशी येऊन उभे राहिले.

"धुळ्या, तुझी गाय भाकड हाय न्हवं?"

"व्हय मालक."

"वडवणीच्या व्याह्याच्या जर्सी गाया यायच्यात. दावण मोकळी लागंल. आमुश्यापतोर हलवशील ना हिला?"

"व्हय मालक."

झालं. मोहनराव निघूनही गेले. आता छावणीत दूध आटलेल्या गायी काही एकट्या धुळाजीच्या नव्हत्या. शहादेवची होती, भिवराबाईची होती. पण भिवराबाईला असं सांगायला जावं तर तिचा आवाज बीडच्या स्टँडापर्यंत गेला असता. मोहनरावांनी बरोबर माणूस हेरला होता. त्यांचीही गोची होतीच म्हणा. लेक वडवणीला दिलेली, आणि पोरीच्या बापानं व्याह्याला नकार द्यायची रीत नाही. व्याह्यानं मागावं आणि यांनी मान हलवावी, असं लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवसापासून चाललं होतं.

"आता लालीला कुठं नेणार?" धुळाजीच्या बायकोनं, बायनाबाईनं विचारलं.

घरच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. आणि बाजारात भाकड गाईला गिऱ्हाईक कोण आणि कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं. संस्था सुरू झाली त्या दिवशी मापात पहिलं दूध पडलं ते लालीचं. मोहनरावांनी तिला झेंडूचा हार घातला होता, आणि तिनं तो भाषण चालू असतानाच खाऊन टाकला होता.

"न्हाई म्हणायला काय झालतं?" बायनाबाई चिडली. "कावून बोलला न्हाईत?"

"निगलंच न्हाई ना तोंडातून."

"अन् 'व्हय' बरं निगतं!"

"ते आपसूक निगतं."

बायनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मीच गेले असते भांडायला. पण शब्द तुमी दिलाय. परत घ्यायचा तर तुमीच घ्याया पायजे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ते बघून धुळाजीला स्वतःची अशी लाज वाटली की तो उठून उगाचच लालीचं शेण भरायला लागला.

तोड सुचवली ती राधाकिशननं. हा राधाकिशन संस्थेत दूध मोजून घ्यायचा. दुष्काळात दूध आटलं आणि त्याच्या हातात रिकामा वेळ उरला. वेळ आणि मोबाईल. जगातला असा एक विषय नव्हता ज्यावर त्यानं मोबाईलात काहीतरी बघितलं नव्हतं.

"मामा, तुमी सपनात तालीम करा," तो म्हणाला.

"सपनात?"

"झोप लागताना माणूस सगळाच झोपतो, तितंच चुकतं. अंग झोपू द्यायचं अन् ध्यान जागं ठिवायचं. कशाला तरी एकाला धरून बसायचं, सोडायचं न्हाई. मग सपनात गेल्यावर बी कळतं की हे सपान हाय. एकदा का कळलं, की तितं तुमीच चेअरमन. कुणाच्या बापाचं भ्याव न्हाई. म्हणा किती न्हाई म्हणायचं ते."

"पर हे सपान हाय, हे वळखायचं कसं?"

"जागेपणी जे कधीच घडत न्हाई, ते दिसलं की समजायचं."

धुळाजीनं फार विचार केला नाही. "हौद भरून वाहायलाय अन् कुणीच वरडंना," तो म्हणाला.

"मामा," राधाकिशननं त्याच्या पायाला हात लावला, "ह्याच्याहून पक्की खूण न्हाई."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर धुळाजीनं लालीशेजारी बाज ओढली आणि तालमीला आडवा झाला. धरून बसायचं म्हणजे कशाला धरून बसायचं? आधी त्यानं स्वतःचा श्वास धरला, तर जीवच गुदमरायला लागला. मग देवाचं नाव धरलं, तर नेहमीपेक्षाही लवकर झोप लागली. तसा तो कीर्तनालाही आधी झोपणाऱ्यांतलाच होता. शेवटी त्याला लालीच्या जबड्याचा आवाज ऐकू आला.

लाली निवांत बसून रवंथ करत होती. चावून झालं की घास गिळायची, जरा दम घ्यायची, आणि मग गळ्यातून दुसरा गोळा वर यायचा. धुळाजीनं तेच धरलं. घास खाली, दम, घास वर. हळूहळू पापण्या जड झाल्या. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यागत लांब गेले. मिटल्या डोळ्यांपुढं तांबडे-पिवळे ठिपके नाचायला लागले, आणि तरी कान लालीच्या जबड्यावरच होता. आता गिळला. आता थांबली. आता वर येतोय...

"झोपले का वं?" बायनाबाईनं विचारलं.

"व्हय," धुळाजी म्हणाला, आणि सगळा डाव मोडला.

त्याच्या पुढच्या दुपारी बायनाबाईला गप्प बसवलं. तर ध्यान घासावरून उसावर गेलं, उसावरून ऊस तोडायला गेलेल्या मेहुण्यावर, आणि मेहुण्यावरून त्यानं नेलेल्या कुऱ्हाडीवर. ती कुऱ्हाड मेहुण्यानं परत केली नव्हती. धुळाजी मनातल्या मनात इतका तापला की रागाच्या भरातच घोरायला लागला. उठला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, आणि सपनात कोण आलं म्हणाल तर मेहुणा.

पण माणूस चिकट. अमावास्या जवळ यायला लागली तसा तो जास्तच चिकटला. मेहुणा आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, गुमान परत घासावर यायचं, हे त्याला आपलं आपण जमायला लागलं. आणि एका दुपारी, डोळे मिटलेले असतानाच, त्याला हौद दिसला. काठोकाठ भरून वाहत होता. पाणी दावणीतून, चुलींतून, बाजांखालून चाललं होतं आणि एक माणूस ओरडत नव्हतं. 'मी झोपलोय,' धुळाजीला कळलं. 'अन् मला कळतंय बी!' आनंदानं त्याला रडू यायचं बाकी राहिलं. समोर खुर्चीवर मोहनराव बसले होते.

"काय धुळ्या, हलवतोस का गाय?"

"व्हय मालक," धुळाजी म्हणाला आणि जागा झाला.

राधाकिशनला हे सांगितलं तेव्हा हसता हसता चहा त्याच्या नाकातून आला. "अवं मामा, सपान तुमचं, मालक तुमचा, हौद बी तुमचाच! तरी व्हयच?"

तेव्हापासून धुळाजीनं जरा खालच्या पायरीपासून सुरुवात केली. सपनात हौद दिसला की तो आधी शेळीला न्हाई म्हणायचा, मग राधाकिशनला. बायनाबाईला मात्र त्यानं सपनातसुद्धा न्हाई म्हटलं नाही. तेवढी अक्कल झोपेतही शाबूत होती. आणि मग, अमावास्या तोंडावर आलेली असताना, त्यानं मोहनरावांकडं बघितलं आणि म्हटलं, "न्हाई." मोहनराव विरघळले. म्हणजे खरोखरच विरघळले, गुळासारखे.

मग काय विचारता! पठ्ठ्याला चटकच लागली. दुसऱ्या दुपारी त्यानं मोहनरावांना उभं केलं, बादली उचलायला लावली, लालीला पाणी पाजायला लावलं. जाता जाता त्यांच्या टोपीला "उड" म्हणाला, तर टोपीचं कबूतर होऊन ते लिंबागणेशच्या दिशेनं उडून गेलं. जागेपणी मात्र मोहनराव रस्त्यानं जाताना दिसले तरी तो लालीच्या आड लपत होता. "सपनातला पैलवान," बायनाबाई म्हणायची. अमावास्या दुसऱ्या दिवसावर आली होती आणि तिला हसूही येत नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दुपारी धुळाजीला झोप लागली आणि छावणीत एकदम धावपळ उडाली. मंजुरीसाठी तहसीलच्या मॅडम छावणी बघायला निघाल्याचा फोन आला होता. मोहनरावांनी कुठून तरी दोन टँकर मागवले. एक हौदात लावला, तो भरला, तरी घाईघाईत पाइप काढायचं कुणाला सुचलं नाही. आणि ओरडायचं कुणीच नाही, असा मोहनरावांचा हुकूम होता. मॅडमसमोर शोभा नको. बायनाबाई झाडलोट करत होती. नवऱ्याला उठवून काय उपयोग, असं म्हणून तिनं त्याला तसाच झोपू दिला.

धुळाजीनं डोळे उघडले तर हौद भरून वाहत होता. पाणी बाजेखालून चाललं होतं. कुणी ओरडत नव्हतं. आणि समोरून मोहनराव, सोबत एक अनोळखी बाई, येत होते.

"हे आमचे धुळाजीराव," मोहनराव हसून म्हणाले. "संस्थेचे अगदी जुने सभासद."

राव! उरलासुरला संशयही फिटला. मोहनरावांनी त्याला राव म्हणावं हे हौदापेक्षाही अवघड होतं. आजचं सपान काय झकास पडलंय, असं मनाशी म्हणत धुळाजी बाजेवर मांडी घालून बसला.

"काका, सगळं व्यवस्थित आहे ना इथं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," धुळाजी आळस देत म्हणाला.

"का? काय अडचण आहे?"

"हा हौद रोज असा नसतोय. आज सपान हाय म्हणून भरलाय." मॅडम हसल्या, त्यांना वाटलं, म्हातारा मिश्कील आहे. धुळाजीला आणखी चेव आला. "अन् ही लाली. संस्थेचं पहिलं दूध हिचं. ह्यांनीच हार घातलता. आता भाकड झाली तर म्हणतेत हलव, वडवणीच्या व्याह्याच्या जर्सी गाया यायच्यात. दुसऱ्याच्या बी भाकड गाया हायेत हितं. त्यांना न्हाई सांगितलं. मलाच सांगितलं. कावून? तर मी व्हय म्हणतो म्हणून!"

पलीकडच्या दावणीत भिवराबाईला जोराचा खोकला आला.

"उचला ती बादली, मालक," धुळाजी सपनातल्या सरावानं म्हणाला. "पाजा तिला पाणी."

मोहनरावांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी बादलीकडं बघितलं. मोहनरावांनी इतक्या निवडणुका लढवल्या होत्या की हसू कसं टिकवायचं हे त्यांना शिकवायला नको होतं. त्यांनी बादली बुडवली, उचलली आणि लालीपुढं धरली. लाली घटाघटा पाणी प्यायली आणि तिनं त्यांच्या धोतरावर नाक झटकलं.

"आता टोपी, उड," धुळाजी म्हणाला.

टोपी जागची हलली नाही.

"उड म्हणलो ना!"

टोपीखालून घामाची एक धार मोहनरावांच्या कानापर्यंत आली. सपनात त्यांना घाम कधी आला नव्हता. धुळाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बायनाबाई हातात खराटा घेऊन, पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती.

"अगं, मी झोपलेलो हाय न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई वो," बायनाबाई म्हणाली.

मांडी आपोआप सुटली, तो बाजेवरून उतरला, आणि कुठं बघावं ते न सुचून लालीच्या शिंगांकडं बघत राहिला. मॅडम जाताना "गाईचं तेवढं बघा हं, चेअरमनसाहेब," एवढंच म्हणाल्या. जीप धुरळा उडवत गेली. मोहनराव तिच्यामागं हात जोडून उभे राहिले आणि मग सावकाश परत आले. सगळी छावणी आपापल्या दावणीत नको ती कामं काढून बसली होती.

मोहनराव चिडले नाहीत. त्यांनी धुळाजीच्या खांद्यावर हात ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"उन्हानं व्हतंय असं," ते मायेनं म्हणाले. "मी मनावर घेत न्हाई. मॅडम काय रोज येत न्हाईत. सांजच्याला गाय सोड. कुणी इचारलं तर म्हण, माझ्या मर्जीनं नेली. कळलं ना?"

'व्हय' गळ्याशी आलं. तीन पिढ्यांचं ते 'व्हय', आपसूक, वाट पाठ असल्यासारखं वर आलं आणि जिभेवर येऊन बसलं. धुळाजीनं ते गिळलं. त्याला भीती वाटत होती, खूप भीती वाटत होती, आणि या वेळी जागं होऊन पळायला जागाच नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की लालीनंच तेवढा ऐकला असेल.

"काय म्हणलास बे?"

आता आली का पंचाईत! याची तालीम झालीच नव्हती. सपनात एकदा न्हाई म्हटलं की मोहनराव विरघळायचे. पुन्हा विचारायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. सपनात पायही कधी कापले नव्हते. इथं गुडघे एकमेकांवर आपटत होते, आणि बायनाबाई, जिच्याकडं एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, ती श्वास रोखून बघत होती.

"न्हाई म्हणलो, मालक," धुळाजी म्हणाला. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "लाली हितंच ऱ्हाईल. मी शब्द दिलता, तो चुकीचा दिलता. परत घेतो."

बायनाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. मोहनराव उभ्या जागी जरा डुलले आणि मग धुळाजीच्या बाजेवर धपकन बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मग मी व्याह्याला काय सांगू रे?" ते म्हणाले.

"जागा न्हाई म्हणून सांगा."

"असं कसं सांगू? पोरीच्या बापाला बोलता येतंय व्हय असं? आजवर एकदा बी..." मोहनराव बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा बघून धुळाजीला कसंतरीच झालं. असा चेहरा तो रोज दाढी करताना आरशात बघत आला होता. चेअरमनसाहेबांचा असा होत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो त्यांच्याशेजारी बाजेवर टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"पाय कापतेत, मालक," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कापू द्यायचे. अन् म्हणून टाकायचं. मग ते इचारतेत, काय म्हणलास. तवा दुसऱ्यांदा बी म्हणाया लागतंय. तेवढी तयारी ठिवा."

राधाकिशननं कुणी सांगायच्या आधीच नंबर लावून मोबाईल पुढं केला. मोहनराव उठून उभे राहिले. व्याह्याशी बसून बोलायचं नाही, हीसुद्धा सवयच.

"हां, राम राम व्याहीबुवा... व्हय... व्हय, व्हय... गाया, व्हय..."

भिवराबाईनं "गेलं!" म्हणून मान हलवली. मोहनरावांनी धुळाजीकडं एकदा बघितलं आणि डोळे गच्च मिटले.

"न्हाई," ते म्हणाले. "जागा न्हाई."

तिकडं वडवणीला काय विचारलं गेलं ते सगळ्यांनाच कळलं.

"न्हाई म्हणलो."

पण छावणीतलं एकही माणूस त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते. वारा साफ पडलेला होता, आणि चेअरमनचं धोतर लटलट हलत होतं.